आमुचं आणि माझं: ‘जिणं आमुचं’ या पुस्तकाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे एका लहानशा किराणा दुकानात, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात, एक बाई काहीतरी लिहीत बसत. पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी वापरण्याआधी वाचून काढायची, वाचनालयातून पुस्तके आणायची आणि उरल्या फटीत स्वतःचे लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. शिक्षण चौथीपर्यंतचे, लग्न तेराव्या वर्षी झालेले. लिहिलेले कागद घरच्यांच्या, विशेषतः पतीच्या, दृष्टीस पडू नयेत म्हणून त्या लपवून ठेवत, आणि ही लपवालपवी सुमारे २० वर्षे चालली. पुढे, मराठीच्या अभ्यासासाठी येऊन फलटणमध्येच स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांना या लिखाणाचा सुगावा लागला आणि त्यांनी ते छापायला द्यावे असा आग्रह धरला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. बाईंचे नाव बेबी कांबळे (१९२९–२०१२) आणि पुस्तकाचे ‘जिणं आमुचं’.

मराठीतील दलित स्त्रियांच्या अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते आणि बहुतेक अभ्यासक्रमांत ते त्याच ओळखीने शिकवले जाते. येथे मात्र ते एका वेगळ्या प्रश्नासाठी प्रकरण म्हणून घेतले आहे. दुभंगलेल्या समाजात प्रेमाने दुखणी बरी होतात आणि त्यातूनच न्याय उभा राहतो, अशा आशयाची पुस्तके सध्या पुष्कळ निघतात आणि खपतातही. त्यांतील बहुतेकांत दुखावलेला आणि दुखावणारा असे दोनच पक्ष असतात आणि शेवटी त्यांची गाठ घालून दिलेली असते. बेबीताईंच्या पुस्तकात ही गाठ नाही. त्यांत जे प्रेम आहे ते आपल्याच माणसांवरचे आहे, आणि ते आपल्याच माणसांच्या चुकांची यादी वाचून दाखवते. मला वाटते की त्या पुस्तकाचा जो काही औषधी गुण आहे तो यातच आहे. आणि तो गुण कुठे कमी पडला हेही याच पुस्तकाच्या पुढच्या प्रवासात दिसते.

शीर्षकातील ‘आमुचं’

आत्मकथन म्हटले की ‘मी’ अपेक्षित असतो. या पुस्तकातला ‘मी’ मात्र वारंवार ‘आम्ही’ मध्ये विरघळतो. पहिली कित्येक पाने आजोळच्या वीरगावाची आहेत: महारवाडा, चावडी, हातात घुंगराची काठी घेऊन गावकीची कामे करणारा येसकर, अर्धपोटी काढलेले दिवस आणि त्या दिवसांत मध्येच उजळून निघणारा आषाढ. आषाढ आला की घरे सारवली जात, अंगे धुतली जात, मरीआईच्या जत्रेसाठी रेडा सोडला जाई, पोतराज नाचत आणि बायकांच्या अंगात देवी येई. लेखिका या सणाचे वर्णन एकाच वेळी लोभाने आणि संतापाने करतात, आणि वाचताना कोणती ओळ कोणत्या भावनेची हे वेगळे काढता येत नाही. उपास, उवा, मेलेले जनावर वाटून घेण्याची धांदल, बाळंतिणीच्या पोटात ढकलायला काहीच नसणे, हे सगळे त्या जिथे सांगतात तिथेही सांगणारी बाई त्याच वस्तीतली आहे याची आठवण भाषा सतत करून देते, कारण ती भाषा वस्तीचीच आहे.

‘जिणं’ हा शब्दही नीट पाहावा. ‘जीवन’ भाषणात येते आणि ‘आयुष्य’ पंचांगात सापडते. ‘जिणं’ मात्र ‘हे काय जिणं आहे’ असे म्हणतानाच बहुधा तोंडून निघते. त्याला ‘आमुचं’ हे ओवीच्या वळणाचे रूप जोडले की तक्रार आणि मालकी एकाच शीर्षकात बसतात. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला तेव्हा त्याला ‘द प्रिझन्स वी ब्रोक’, म्हणजे आम्ही फोडलेले तुरुंग, असे नाव मिळाले. अनुवाद म्हणून तो चांगलाच आहे आणि मराठीबाहेरच्या पुष्कळ वाचकांपर्यंत पुस्तक पोहोचले ते त्याच्यामुळे. पण मूळ नावात तुरुंग नाही आणि फोडणेही नाही. मूळ नावातली माणसे अजून त्या जिण्यातच आहेत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सरपणातला केस

पुस्तकातील एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. महारवाड्यातील बायका रानातून लाकूडफाटा गोळा करून डोक्यावर मोळ्या घेऊन ब्राह्मणआळीत विकायला जातात. दारात उभे राहायचे ते अंतर राखून. घरातली बाई आतून बजावते की मोळीतली काठी न् काठी नीट तपासून घ्या, एखाद्या काटकीला तुमच्या डोक्यावरचा केस किंवा लुगड्याचा दोरा चिकटून राहिला तर आमचे घर विटाळेल, मग सगळे सारवायचे, घरातले कपडे न् कपडे धुवायचे आणि देवांचे काय करायचे. मग मोळीवाली वाकून एकेक काटकी उलटीसुलटी करून पाहते आणि तपासलेले सरपण परसात रचून देते. रानात काट्यांनी अंग ओरबाडले गेले तेव्हा त्याची दखल कुणी घेतलेली नसते. पण काटकीवर राहिलेला एक केस हा अख्ख्या घरावर आलेला प्रसंग असतो.

या प्रसंगात कुणी कुणाला मारत नाही. दोन बायका आहेत, मध्ये अंगण आहे आणि एका केसाची भीती आहे. अस्पृश्यता हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्याची धार गेली आहे. सरपण तपासणाऱ्या बोटांनी ती परत येते.

आता हा मजकूर प्रथम कुठे छापला गेला ते पाहा. ‘स्त्री’ हे १९३० मध्ये किर्लोस्करांनी सुरू केलेले मासिक. शिकलेल्या, मध्यमवर्गीय आणि मोठ्या प्रमाणावर उच्चवर्णीय बायका हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वाचकवर्ग होता. म्हणजे अंगणाच्या आतल्या बाजूने ज्यांच्या आज्या-पणज्या बजावत होत्या, त्याच घरांत १९८२ मध्ये टपालाने हा मजकूर येऊन पडला. दुकानात चोरून लिहिलेले हे पान कुणाच्या हाती जाणार याची लिहिताना बेबीताईंना कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण ते गेले ते नेमक्या पत्त्यावर. वाचक बायकांना त्यात क्षमा मागितल्याचा किंवा दिल्याचा एकही क्षण सापडला नसेल. लेखिका त्यांच्याशी बोलतही नाहीत. त्या आपल्या माणसांशी बोलत आहेत आणि दुसऱ्या बाजूच्यांना ते ऐकू येत आहे, एवढेच. सामाजिक सलोख्याच्या नावाने जी पुस्तके काढली जातात त्यांच्या प्रस्तावनांपेक्षा हे ओझरते ऐकणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यात ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी एक शब्दही बदललेला नाही.

खोडा

पुस्तक येथे थांबले असते तर ते अन्यायाची चोख साक्ष ठरले असते आणि कुणाला त्याचा त्रासही झाला नसता. पण बेबीताई महारवाड्याच्या आत शिरतात आणि सुनांबद्दल लिहू लागतात. आठ-नऊ वर्षांची पोर सून म्हणून येते, पहाटेपासून जात्यावर बसते, भाकरी चांगली झाली नाही म्हणून मार खाते, आणि छळ असह्य होऊन माहेरी पळाली की तिला धरून आणून तिच्या पायात खोडा घातला जातो. खोडा म्हणजे लाकडाचा जड ओंडका, त्याला पायापुरते भोक, आणि पाय निघू नये म्हणून आडवी सळई. तो ओढत तिने घरकाम करायचे. पाय सोलवटून रक्ताळायचा. काही सुनांची नाके कापली जात. सासू मुलाचे कान भरे, मुलगा वस्तरा काढी, आणि वस्ती पाहत राही.

याचे जे कारण बेबीताई देतात ते कोणत्याही समाजशास्त्राच्या ग्रंथाला शोभेल इतके नेमके आहे. बाहेरच्या जगाने आम्हाला गुलाम केले, पण आम्हीही माणसेच, आम्हालाही कुणावर तरी हुकूम गाजवावासा वाटे. तो गाजवायला बाहेरचे कुणी मिळेना, तेव्हा आम्ही आमच्या सुनांनाच गुलाम केले, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. यात जातीचा अन्याय पुढे करून बाईवरच्या अन्यायाला माफी दिलेली नाही आणि बाईवरच्या अन्यायाचे निमित्त करून जातीच्या अन्यायाला हलके केलेले नाही. गुलामगिरी वरून खाली कशी झिरपते आणि सर्वांत खालच्या पायरीवर कोण उभे असते, हे त्या आपल्याच आळीतली उदाहरणे देऊन दाखवतात.

असे लिहू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. आधीच बदनाम केलेल्या समाजाची आतली लक्तरे वेशीवर टांगली की विरोधकाच्या हातात आयते कोलीत मिळते, हा त्यांचा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. ‘तुमच्यातही हे होतेच की’ असे म्हणून आपली जबाबदारी झटकणारे वाचक मी स्वतः पाहिले आहेत. पण या युक्तिवादाची किंमत नेहमी एकाच व्यक्तीने भरायची असते, ती म्हणजे पायात खोडा असलेली सून. समाजाची अब्रू तिच्या गप्प बसण्यावर उभी असेल तर ती अब्रू राखण्याचा करार तिने कधी केला होता, हा प्रश्न बेबीताईंनी शब्दांत विचारलेला नाही. त्यांनी फक्त तिचे वर्णन करून ठेवले आहे.

आणि तरीही पुस्तक कडवट होत नाही. त्याच बायका बाबासाहेबांचे म्हणणे सर्वांत आधी उचलतात. जेजुरीला खंडोबाच्या वाऱ्या करणाऱ्या या लोकांना तेथेच बाबासाहेबांचे भाषण ऐकायला मिळते: मुलांना शाळेत घाला, मेलेले जनावर खाणे सोडा. मग चावडीवर वाद पेटतो, जुन्या कारभाऱ्यांना हे रुचत नाही, आणि बायका व तरुण पोरे दुसऱ्या बाजूला उभी राहतात. ज्यांच्या अंगात देवी येत होती त्याच पुढे पोरींचा हात धरून शाळेच्या दारात गेल्या. बाबासाहेबांविषयी बेबीताई लिहितात ती भाषा भक्तीची आहे, आणि मला ती एरवी अवघडून टाकते. पण आधीची पाने वाचलेली असली की ती उसनी वाटत नाही.

शिकून वर गेलेल्यांवर त्यांचा राग आहे. महार म्हणवून घ्यायला लाजणाऱ्या नव्या पिढीला त्या सांगतात की लाजण्यासारखे यात काही नाही, हे नाव आम्हाला प्यारे आहे. नाव टाकून द्यावे की मिरवावे हा वाद त्या समाजात १९५६ च्या धर्मांतरानंतर चालूच राहिला आणि त्याला दोन्ही बाजू आहेत. येथे नोंदवण्यासारखे एवढेच की शिवी म्हणून वापरला गेलेला शब्द परत घेताना त्या त्यातले मेलेले मांसही लपवत नाहीत आणि खोडाही लपवत नाहीत.

जे पुस्तकात नाही

वडिलांनी आईला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे घरात कोंडून ठेवले होते, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. वडील कंत्राटदारी करत, हाताचे सढळ होते, गरजूंना देत असत. पण बायकोने उंबरा ओलांडायचा नाही, यातच त्यांना प्रतिष्ठा वाटे. आईचा पिंजरा सांगणाऱ्या, शेजारच्या सुनांचे खोडे सांगणाऱ्या बेबीताईंच्या स्वतःच्या संसाराबद्दल मात्र १९८६ च्या पुस्तकात जवळजवळ काहीच नाही. लिखाण २० वर्षे पतीपासून लपवावे का लागले, याचे उत्तरही त्या पुस्तकात मिळत नाही.

ते मिळते २००८ च्या इंग्रजी आवृत्तीत. तिच्या शेवटी माया पंडित यांनी घेतलेली मुलाखत जोडलेली आहे आणि तिच्यात बेबीताई प्रथमच उघड सांगतात की पती संशय घेत आणि मारत. एका सभेसाठी मुंबईला जाताना आगगाडीच्या गर्दीच्या डब्यात काही तरुण त्यांच्याकडे पाहत राहिले, एवढ्या कारणावरून पतीने त्यांना असे मारले की नाकातून रक्त वाहू लागले. हे बहुतेक सगळ्याच बायकांच्या वाट्याला येत होते, मी काही वेगळी नव्हते, असे त्या तिथेही म्हणतात. आणि समाजाचे दुःख स्वतःच्या दुःखापेक्षा मोठे वाटल्यामुळे आपण तेच लिहिले, अशी त्यांची भूमिका दिसते.

या मौनाचा न्याय करणे सोपे नाही. दलित पँथरचे नेते आणि कवी नामदेव ढसाळ यांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांचे आत्मकथन ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ मध्ये आले होते, म्हणजे चळवळीतल्या घरातले भांडण छापील पानावर येण्याची वाट तेव्हा बंद नव्हती. २००३ च्या ‘आयदान’ या आत्मकथनात उर्मिला पवार यांनी प्रेमाने जुळलेल्या स्वतःच्या संसारातले ताण नाव घेऊन मांडले. त्या तुलनेत बेबीताई घाबरल्या असे कुणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. ज्या घरात लिहिणेच चोरीचे होते त्या घरात त्या घराबद्दल लिहिणे म्हणजे लेखणीच गमावण्याचा धोका. आणि कागद सापडलेच असते तर शेजारच्या सुनेचे वर्णन वाचून पती कदाचित गप्प बसला असता, स्वतःचे वाचून बसला नसता. शिवाय ‘आम्ही’ हे केवळ आडोशाचे सर्वनाम नव्हते. पळून गेलेल्या पोरीच्या पायातला खोडा लिहिताना कुणाच्या माराचे वळ लेखिकेच्या डोळ्यांसमोर होते, हे आता मुलाखत वाचून पुन्हा ती पाने उघडणाऱ्याला कळते. माझ्या पहिल्या वाचनात ते प्रकरण वस्तीचे होते. दुसऱ्यात ते एका बाईने इतरांची नावे घेऊन केलेले निवेदन झाले.

तरीही त्रुटी ती त्रुटीच. समाजावरची माया ‘माझे नंतर सांगेन’ असे म्हणायला लावते आणि ते ‘नंतर’ २२ वर्षांनी, परक्या भाषेत, परिशिष्टात येते. वस्तीचे दुखणे मांडता मांडता मांडणारीचे दुखणे तसेच राहिले. इंग्रजी पुस्तकाच्या नावातले तुरुंग फोडणारे ‘आम्ही’ आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी मार खाल्ल्याचे सांगणारी ‘मी’ यांच्यात जे अंतर आहे, तेच या प्रकरणातील न भरलेली जखम आहे असे म्हणता येईल.

बेबीताईंनी लिहिण्यावर भागवले नाही. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी भटक्या-विमुक्त आणि इतर वंचित मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली आणि ती अखेरपर्यंत चालवली. शिकून मागे वळून न पाहणाऱ्यांवर ज्यांनी टीका केली त्यांनी निवडलेली मुले आपल्याच जातीची नव्हती, त्या जातीच्याही मागे राहिलेल्यांची होती, हा तपशील पुस्तकाच्या परीक्षणांत क्वचितच येतो.

अभ्यासाच्या दृष्टीने एक अडचण शिल्लक राहते. १९८६ चे मराठी पुस्तक वाचणारा आणि २००८ चे इंग्रजी पुस्तक वाचणारा हे दोघे एकाच बाईबद्दल बोलत असले तरी एकच पुस्तक वाचलेले नसतात. मराठी वाचकाला वस्ती कळते, इंग्रजी वाचकाला वस्ती आणि तिच्यातली ही एक बाईही कळते. मुलाखत अर्थातच मराठीत झाली असणार. दोघींचीही ती भाषा. म्हणजे मराठीत बोललेले, सर्वांत अवघड असे बोलणे फक्त इंग्रजीत छापून मराठीत परत यायचे आहे. मी वर्गात वाचून दाखवण्यासाठी आगगाडीचा परिच्छेद परत मराठीत करून पाहिला तेव्हा नाकातून रक्त आल्याच्या ओळीशी अडलो. ‘रक्तस्राव झाला’ हे दवाखान्याचे मराठी झाले. ‘नाकातून रक्त आले’ हे बरोबर, पण कुणाचेही. फलटणच्या बाजूला मार लागून असे झाले तर म्हणतात ‘घोळणा फुटला’. बेबीताई तोच शब्द बोलल्या असतील असे मला वाटते, पण तो छापलेला नाही, म्हणून मी तो पेन्सिलीने लिहून समासात ठेवला आहे.